दोन दातांचा फरक

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातलं जॅक्सन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईचं शिखर या गावाच्या बाजारपेठेपेक्षाही अडीचशे मीटर खालीच राहतं. गावाच्या अगदी पाठीला लागून स्नो किंग नावाचा डोंगर आहे आणि १९७६ पासून मार्च महिन्यात तिथे स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची, चढाईशर्यत भरते. पायथ्यापासून सुटायचं आणि माथा गाठायचा, एवढाच खेळ. कुणी पोचतं, कुणाची गाडी अर्ध्यावर उलटून खाली येते, आणि ती अडवायला उतारावर दोरखंड घेऊन माणसं उभी असतात.

अशा डोंगरी स्नोमोबाइलवाल्यांमध्ये एक जुना वाद आहे. गाडी खालून उचलत नाही, भुसभुशीत बर्फात सुटताना दम धरत नाही, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत तिला पिकअप नाही. मग काय करावं? निम्मे लोक सांगतील, गिअरिंग बदल, वरचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) दोन दातांनी लहान घाल. उरलेले निम्मे हसतील. गाडीत आधीच आपोआप बदलणारा गिअर आहे, दोन दात कमी करून असा काय फरक पडणार?

हसणाऱ्यांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. ते कुठे चुकतं हे पाहायला वायोमिंगला जायची गरज नाही. दारात उभी असलेली अ‍ॅक्टिव्हा पुरे.

ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा रस्त्यावर आली तेव्हा क्लच न दाबता, गिअर न टाकता चालणारी स्कूटर हे मोठं नवल होतं. आज त्याचं कुणाला काही वाटत नाही. आत दोन पुल्या आणि मधे एक रुंद बेल्ट. पुलीच्या दोन बाजू जवळ आल्या की बेल्ट वर सरकतो, लांब गेल्या की आत बुडतो. इंजिनाकडच्या पुलीत छोटे रोलर असतात. फेरे वाढले की ते बाहेर फेकले जातात आणि पुली दाबतात. घाटात डबलसीट चढताना इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं आणि गाडी मात्र संथ चालते, ते यामुळेच: बेल्ट इंजिनाकडे आत आणि चाकाकडे बाहेर बसलेला असतो. पण या पुल्यांनंतर, मागच्या चाकाजवळ, तेलात बुडालेली दातेरी चाकंही असतात. ती बदलत नाहीत. पुल्या काहीही करोत, त्यांचं गुणोत्तर ठरलेलं.

स्नोमोबाइलची रचना अगदी हीच. रोलरांच्या जागी बिजागरीवरचे वजनदार हात, मागच्या पुलीत स्प्रिंग आणि तिरकी खाच असलेला तुकडा, आणि तेलात बुडालेल्या चाकांच्या जागी एक बंद पेटी. पेटीत वर लहान स्प्रॉकेट, खाली मोठं, मधे रुंद चेन. खालच्या स्प्रॉकेटचा दांडा थेट ट्रॅक, म्हणजे गाडीखालचा रुंद रबरी पट्टा, फिरवतो. गिअरिंग बदलणं म्हणजे या पेटीतली स्प्रॉकेट बदलणं. बाकी गाडीला हात लावायचा नाही, निदान आधी तरी नाही.

आता थोडा हिशेब. अंकगणिताचा कंटाळा असेल तर पुढचा परिच्छेद सोडा, पण सगळी गंमत तिथेच आहे.

डोंगरी गाडीचं दोन-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या आसपास सर्वांत जास्त ताकद देतं, आणि पुल्यांचं काम ते तिथेच धरून ठेवण्याचं. ट्रॅक ओढणाऱ्या चाकाला आठ दात, दोन दातांमधलं अंतर २.८६ इंच, म्हणजे दांड्याच्या एका फेऱ्यात ट्रॅक सुमारे ५८ सेंटिमीटर सरकतो. खोल बर्फाच्या चढावर ट्रॅक ताशी ७२ किलोमीटरने फिरतोय असं धरा (गाडी त्याहून हळू जाते, कारण ट्रॅक बर्फ मागे फेकत असतो). दांड्याचे मिनिटाला २०६५ फेरे झाले. इंजिनाचे ८०००, दांड्याचे २०६५. म्हणजे एकूण ३.८७ पट घट हवी. ही घट पुल्या आणि स्प्रॉकेट यांनी वाटून घ्यायची. सपाट वाटांवरच्या गाडीसारखं वर २३ आणि खाली ४३ दात असतील, तर स्प्रॉकेट १.८७ पट घट देतात आणि पुल्यांच्या वाट्याला २.०७ येते. २१ आणि ४९ असतील, तर पुल्यांना १.६६ पुरते. वरचे दात १९ केले, तर १.५० वर भागतं.

दांड्यावर पोचलेला जोर तिन्ही वेळी सारखाच! त्याच वेगाला, त्याच फेऱ्यांना, त्याच इंजिनाचा. हसणाऱ्यांचा मुद्दा हाच, आणि तो कागदावर खरा आहे. सुटतानाचा क्षण फक्त वेगळा. त्या वेळी बेल्ट इंजिनाकडच्या पुलीत शक्य तितका आत बसलेला असतो, पुल्यांकडे आणखी द्यायला काही उरलेलं नसतं, आणि २१ चे १९ केले की ट्रॅकला मिळणारी ओढ साडेदहा टक्क्यांनी वाढते. कमरेएवढ्या बर्फात रुतलेली गाडी पुन्हा काढताना ही ओढ हाताला कळते.

पण माझ्या मते खरा फायदा बेल्टाचा आहे. पुल्यांना २.०७ पट घट द्यावी लागते तेव्हा बेल्ट इंजिनाकडे लहान वर्तुळावर वाकलेला असतो. तेवढाच जोर कमी त्रिज्येवरून न्यायचा, म्हणजे बेल्टावर ताण जास्त, आणि पकडायला पुलीची जागा कमी. बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की आणखी घसरतो. घसरण्यात गेलेली ताकद ट्रॅकपर्यंत पोचत नाही. पुल्यांची उष्णता होऊन निघून जाते. १.५० वर तोच बेल्ट मोठ्या वर्तुळावर, दोन्ही पुल्या सारख्या होण्याच्या जवळ, आरामात चालतो. बेल्टाचं काम त्याच भागात सर्वांत चांगलं होतं. म्हणजे स्प्रॉकेटने नवी ताकद निर्माण केली नाही, गळणारी थांबवली. डोंगराच्या मध्यावर बेल्ट तुटून परतीची वाट हुडकणाऱ्याला या दोन्हींतला फरक तत्त्वचिंतकाचा वाटणार नाही.

मोबदल्यात काय जातं? कमाल वेग. बेल्ट पूर्ण बाहेर सरकला आणि पुल्यांचं गुणोत्तर ०.८ धरलं, तर कागदावर २१ दातांना ताशी १४९ किलोमीटर निघतात, १९ दातांना १३५. झाडीतून, दऱ्यांतून, छातीएवढ्या बर्फातून जाणारा माणूस यातलं काहीच गाठत नाही. न वापरलेला वेग सोडून द्यायचा, एवढाच हा सौदा. ज्याला गोठलेल्या तळ्यावर शर्यत लावायची आहे, त्याने मात्र या वाटेला जाऊ नये.

उंचीचा प्रश्न वेगळा, आणि तो अनेक जण यात गुंतवतात. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्के उरतो, आणि साध्या इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते: १६५ अश्वशक्तीचं इंजिन तिथे ११५ च्या आसपास येतं. त्यावर पहिला उपाय स्प्रॉकेट नव्हे. इंजिनाकडच्या पुलीतल्या हातांचं वजन कमी करायला हवं, नाहीतर कमजोर झालेलं इंजिन तो भार उचलून ८००० पर्यंत पोचणारच नाही. ही जुळणी न करता दात बदलणारे बरेच असतात आणि मग दोष स्प्रॉकेटला जातो. दात बदलल्यावरही फेऱ्यांचा काटा पाहावाच लागतो, कारण भार हलका झाल्याने इंजिन ठरलेल्या फेऱ्यांच्या पुढे पळू शकतं. आता कंपन्या उंचीवर दुसऱ्या बाजूनेही मात करताहेत. स्की-डूने २०२१ च्या मॉडेलमध्ये दोन-स्ट्रोक इंजिनाला कारखान्यातूनच टर्बो बसवला, पुढच्या वर्षी पोलारिस आली. अशा गाडीला दोन दातांची गरज कमी भासते, पण घेणाऱ्याचा खिसाही तसाच हवा.

गिअरिंग नकळतही बदलतं. ट्रॅकवरची रबरी पाती खोल बर्फासाठी तीन इंचांपर्यंत उंच केली जातात. एवढी पाती वरच्या पत्र्याला घासू नयेत म्हणून काही जण ट्रॅक ओढणारं चाकच लहान घालतात: तीन इंची अंतराचं आठ दातांचं काढून सात दातांचं. एका फेऱ्यात २४ इंचांऐवजी २१ इंच. पेटीतली स्प्रॉकेट न बदलताच गाडी साडेबारा टक्क्यांनी खाली आली! त्यावर कुणाचं ऐकून पुन्हा वरचे दात कमी केले, तर ट्रॅक जागच्या जागी बर्फ उपसू लागतो आणि गाडी पुढे जाण्याऐवजी स्वतःसाठी खड्डा खणते.

प्रत्यक्ष काम घरच्या गॅरेजमध्ये होण्याजोगं आहे. बाजूचा पत्रा आणि गरज असेल तर सायलेन्सर काढायचा, पेटीतलं तेल उपसायचं, ब्रेक बांधून वरच्या स्प्रॉकेटचा बोल्ट सोडायचा, ताणणी सैल करायची आणि चेनसकट दोन्ही स्प्रॉकेट एकदम बाहेर ओढायची. दोन दात कमी झाले की चेन जवळपास एका कडीने सैल पडते. ताणणी बहुधा तेवढं सावरते. चार दातांचा फरक असेल तर दोन कड्या कमी असलेली चेन घ्यावी लागते. घाण व्हायचं काम इथेच: तेलाच्या तळाशी चुंबकाला चिकटलेला लोखंडी चुरा पुसा आणि तो किती आहे हे लक्षात ठेवा. जास्त असेल तर गिअरिंगपेक्षा मोठं दुखणं तुमच्या पेटीत आहे. पोलारिसच्या डोंगरी गाड्यांत मात्र २०१३ च्या मॉडेलपासून चेनऐवजी दातेरी बेल्टाची रचना आली. वजन घटलं, तेलाची कटकट गेली, पण गुणोत्तर बदलायचं तर पुल्या घ्याव्या लागतात, आणि त्या साध्या स्प्रॉकेटएवढ्या स्वस्त नाहीत.

या यंत्राचा इतिहासही दात आणि ट्रॅक यांच्या भोवतीच फिरतो. क्यूबेकमधल्या व्हॅलकूर गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचा लहान मुलगा इव्हों १९३४ च्या हिवाळ्यात पोटाच्या विकाराने गेला. रस्ते बर्फाखाली होते, इस्पितळ गाठता आलं नाही. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याची खटपट बोंबार्दिए आधीपासून करत होता. १९३७ मध्ये त्याला दातेरी चाक आणि ट्रॅक यांच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि १९५९ मध्ये हलकी स्की-डू बाजारात आली, अवघ्या ७ अश्वशक्तीची. आज तिचे वंशज सियाचीनमध्ये आपल्या लष्कराकडे स्नो-स्कूटर म्हणून आहेत आणि गुलमर्गला पर्यटकांना फिरवतात.

स्प्रॉकेट मागवण्याआधी एक बिनखर्चाची तपासणी कराच. इंजिनाकडच्या पुलीच्या उतरत्या पृष्ठभागावर मार्करने आतून बाहेरच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढा. मग नेहमीच्या डोंगरावर, नेहमीच्या बर्फात दिवसभर गाडी चालवा. परत येऊन झाकण उघडा. बेल्ट जिथवर सरकला तिथवर रेघ पुसलेली असेल. निम्मीअधिक रेघ शाबूत दिसली, तर खुशाल दोन दात कमी करा. ती कडेपर्यंत पुसलेली असेल, तर तुमची गाडी आहे तशीच बरोबर आहे.