‘ऑपरेशन’ म्हणजे शंभर टक्के? कुटुंबनियोजनाच्या साधनांबद्दलचे गैरसमज

गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यात कुटुंबनियोजनाचा विषय निघाला, की त्याचा अर्थ बहुधा एकच असतो: ऑपरेशन, आणि तेही बाईचं. दोन लेकरं झाली की सासू विचारते, शेजारीण विचारते, “मग, करून टाकलं का?” नवऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. हे फक्त गिरणाकाठचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचं प्रमाण मात्र अर्धा टक्कासुद्धा नव्हतं. कोणतं साधन किती खात्रीचं, याचा विचार करून लोकांनी ही निवड केली असती तर आकडे असे दिसले नसते.

खात्री मोजायची रीत साधी आहे. एक साधन वापरणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षभरात किती जणींना दिवस जातात, ते पाहायचं. काहीच वापरलं नाही तर शंभरातल्या सुमारे ८५ जणींना जातात. प्रत्येक साधनाला दोन आकडे असतात. एक अगदी नियमाबरहुकूम वापरल्याचा, दुसरा घरोघरी जसं वापरलं जातं तसा. पाकिटावर पहिला छापतात; संसारात दुसरा भेटतो. गर्भनिरोधक गोळी एकही दिवस न चुकवता घेतली तर शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. प्रत्यक्षात गोळी चुकते, पाकीट संपतं, कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्यात जायला सवड मिळत नाही, आणि शंभरात सुमारे सात जणींना दिवस राहतात. निरोधचा आकडा असाच दोनावरून तेरापर्यंत चढतो. ज्या साधनाची पुन्हा पुन्हा आठवण ठेवावी लागत नाही, त्याच्या दोन आकड्यांत फरक जवळपास नसतोच. तुलना करताना मी पहिल्यांदा हे पाहीन.

आता ऑपरेशनच्या ‘शंभर टक्क्यां’बद्दल. स्त्रीची शस्त्रक्रिया, टाक्याची असो की दुर्बिणीची, पहिल्या वर्षात दर दोनशे जणींपैकी साधारण एकीच्या बाबतीत फसते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दहा वर्षांचा हिशेब हजारी अठराच्या आसपास निघाला. नळ्या क्वचित पुन्हा जुळतात, यात दरवेळी डॉक्टरचा दोष नसतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये पंजाब सरकारविरुद्ध शिवराम या खटल्यात सांगितलं, की शस्त्रक्रिया फसली एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. घराघरात मात्र अशा वेळी बाईच्या चारित्र्यावर बोट जातं, तो या गैरसमजाचा सर्वांत विषारी भाग. दुसरा धोका शरीराचा आहे. ऑपरेशननंतर दिवस राहिले तर गर्भ नळीत अडकण्याची शक्यता जास्त असते, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली तर “आता काय व्हायचंय” म्हणून थांबू नये, लगेच तपासून घ्यावं.

याच्या शेजारी पुरुष नसबंदी ठेवून पाहा. ती फसण्याचं प्रमाण पहिल्या वर्षात हजारात एक-दोन. पोट उघडावं लागत नाही, संपूर्ण भूल लागत नाही. बिनटाक्याच्या पद्धतीत अंडकोशाच्या कातडीला एक बारीक छिद्र पाडतात, काम दहा-पंधरा मिनिटांत होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरीही ती का होत नाही? “ताकद जाते. केळीचा घड उचलता येणार नाही. पुरुषपण जातं.” यातलं काहीही खरं नाही. पुरुषी संप्रेरक अंडकोशात तयार होतं आणि थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत कापलेल्या नळीशी त्याचा संबंध नाही. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, फक्त त्यात शुक्राणू नसतात. काही दिवस जड काम टाळायचं, मग नांगर धरा नाहीतर पोती उचला.

मात्र एक गोष्ट डॉक्टरांनी ठासून सांगायला हवी आणि ती पुष्कळदा राहून जाते. नसबंदीचा परिणाम लगेच सुरू होत नाही. पुढच्या नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, त्यामुळे तीन महिने निरोध किंवा दुसरं साधन वापरायचं आणि नंतर वीर्य तपासून घ्यायचं. ‘नसबंदी करूनही बायकोला दिवस गेले’ या गोष्टींपैकी काही या तीन महिन्यांतल्या असतात.

पुरुषांच्या मनातल्या भीतीला इतिहासही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. तिसऱ्या अपत्यानंतर सक्तीने नसबंदी करण्याचं विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या सक्तीचा राग लोकांनी नसबंदीवर काढला आणि पुढचा सगळा भार बाईच्या पोटावर आला. राग रास्त होता. पण सक्ती वाईट होती म्हणून शस्त्रक्रिया वाईट ठरत नाही.

तांबी, म्हणजे कॉपर टी, हिच्याबद्दल जेवढ्या दंतकथा आहेत तेवढ्या क्वचितच कशाबद्दल असतील. ती काळजापर्यंत चढते, गंजते, तिच्याने कॅन्सर होतो! गर्भाशय ही बंद, जाड स्नायूंची पिशवी आहे. तिथून काळजाकडे जायला वाट नाही. बसवताना गर्भाशयाला इजा होण्याचा धोका हजारात एखाद-दुसरीला असतो, आणि काही जणींची तांबी आपोआप निसटते, म्हणून अधूनमधून दोरा तपासायचा. खरी तक्रार वेगळीच आहे. पहिले काही महिने पाळीत रक्तस्राव जास्त होतो, पोट दुखतं. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिने हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. खात्रीत मात्र तांबी ऑपरेशनच्या पंक्तीला बसते: वर्षभरात शंभरात एकीपेक्षा कमी जणींना दिवस जातात. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते आणि काढली की पुन्हा मूल होऊ शकतं. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते. पंचविशीत ऑपरेशन करून नंतर हळहळणाऱ्या बायका पाहिल्या, की वाटतं, यांना तांबीची माहिती कुणी नीट दिलीच नसावी.

‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं. वेळेवर घेतलं तर ते फारच खात्रीचं. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईची तारीख हुकली, की खात्रीही हुकते. ते थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. यालाच लोक ‘वांझपण’ म्हणतात. तो केवळ उशीर असतो. ‘छाया’ ही संप्रेरक नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते.

अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत, हा समज अर्धा खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला दिवसरात्र फक्त आईचंच दूध हवं, आणि पाळी परत आलेली नसावी. तिन्ही अटी पाळल्या तर भरवसा चांगला. वरचं दूध किंवा पेज सुरू झाली, की तो संपला.

नवऱ्याने ‘सांभाळून घेण्या’त, म्हणजे वीर्य बाहेर सोडण्यात, वर्षाला शंभरातल्या सुमारे वीस जणींना दिवस जातात. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. तिने राहिलेला गर्भ पडत नाही. ती अंडं बाहेर पडणं लांबवते. दर महिन्याला तिच्यावर विसंबणं महागात पडतं, कारण नेहमीच्या साधनांइतकी तिची खात्री नाही. आणि एचआयव्हीपासून वाचायचं असेल तर या सगळ्या यादीत फक्त निरोधच उपयोगी आहे.

वर सांगितलेली बहुतेक साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शस्त्रक्रियेसाठी जोडीदाराच्या सहीची अट सरकारी नियमांत नाही. तेव्हा पुढच्या वेळी सिस्टर किंवा आशाताई घरी आल्या, तर ‘ऑपरेशन कधी’ एवढंच विचारू नका. तांबीचं विचारा, अंतराचं विचारा, आणि नवऱ्याला शेजारी बसवून बिनटाक्याच्या नसबंदीचंही विचारा.