जुना संगणक भंगारात देण्याआधी

आपल्या वस्त्यांमध्ये ज्या घरात संगणक आहे, तेथे तो बहुधा जुनाच असतो. कुठल्यातरी कचेरीने काढून टाकलेला, नाहीतर सेकंडहँड घेतलेला. मुलीचा टायपिंगचा सराव त्यावर, मुलाच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्जही त्यावरच. असा संगणक सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेऊ लागला, की घरातली माणसे वैतागतात. दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारू.’ पैसे जातात, पंधरा दिवस बरे चालते आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. आमचे म्हणणे एवढेच, की औषधाआधी दुखणे कोठे आहे ते पाहावे. ते घरच्या घरी, एक पैसाही न घालवता पाहता येते.

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. (आपल्याकडे सबंध डब्यालाच सीपीयू म्हणतात, येथे मात्र आतला प्रोसेसर समजावा.) आधी मेमरी पाहा. ती नव्वदच्या वर अडकली असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅम संपली की संगणक डिस्कचाच रॅमसारखा वापर करू लागतो, त्यामुळे डिस्कही दमलेली दिसते आणि निदान चुकते. विंडोज १० वर ४ जीबी रॅम आज पुरत नाही. ८ जीबी करावी. जुनी रॅमपट्टी काढून दुकानात सोबत न्या, कारण डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसतच नाही.

मेमरी मोकळी आहे आणि डिस्क मात्र बराच वेळ शंभर टक्क्यांवर आहे, असे दिसले तर दोष हार्ड डिस्कचा. जुन्या संगणकात बहुतेक वेळा हेच निघते. हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ७२०० किंवा ५४०० फेरे घेणारी तबकडी. तिच्यावरून एक दांडी इकडून तिकडे फिरत माहिती शोधते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली लागतात आणि दांडीची धावपळ होते. फॉरमॅट केल्याने तबकडी काही नवी होत नाही! तिच्या जागी एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारा भागच नाही. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या केबललाच लागते आणि २५६ जीबीची घरकामाला पुरते. सगळ्या खर्चात हा खर्च आम्हाला सर्वांत सार्थकी लागणारा वाटतो. हार्ड डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल, तर मात्र दुरुस्तीचा विचार नंतर. आधी कागदपत्रे आणि फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

सीपीयूच सतत शंभरवर असेल, तर कोणता प्रोग्राम तो खातो आहे ते त्याच यादीत दिसते. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. धूळही पाहा. पंखा धुळीने भरला की प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून आपणहून गती कमी करतो. वायर काढून, मऊ ब्रशने, पंख्याचे पाते बोटाने धरून साफ करावे.

एक वेगळाच प्रकार. वेबसाइट उघडत नाहीत आणि तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षाची दिसते. हा गतीचा दोष नव्हे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदलला की झाले.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशा संगणकावर लिनक्स मिंट फुकट बसवता येते. पण मुलांच्या टायपिंगचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, ते इन्स्टिट्यूटमध्ये आधी विचारा. कोअर टू ड्युओच्या काळातला संगणक असेल, तर त्यावर आता पैसा घालू नये.

आणि डिस्क बदलून घेतली, तर जुनी दुकानात ठेवू नका, मागून घ्या. तिच्यात घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे, जातीचे दाखले आणि बँकेचे कागद असतात.