सचिनमध्ये 'बाहेरचा' कोण? उत्तर मतदार यादीत दडलंय

सुरतहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की उधना, भेस्तान आणि मग सचिन. नंदुरबार, शहादा, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या भागातल्या बहुतेक गावांतलं एखादं तरी घर या पट्ट्यात सापडतं. कुणी सचिन जीआयडीसीतल्या डाईंग मिलमध्ये, कुणी लूमवर, कुणी सेझमधल्या हिरे-दागिन्यांच्या युनिटमध्ये. गावाकडे विचारलं तर 'तो सुरतला असतो' एवढंच उत्तर मिळतं. सुरतमध्ये मात्र प्रश्न दुसरा असतो : हा इथला, की बाहेरचा?

घुसखोर, नागरिकत्व, हद्दपारी, माफी हे शब्द टीव्हीवर रोज ऐकू येतात. ती चर्चा देशाची सीमा ओलांडून येणाऱ्यांची. सचिनला येणारा माणूस ओलांडतो ती राज्याची हद्द, आणि देशात कुठेही राहण्याचा, कुठेही काम करण्याचा हक्क त्याला घटनेच्या कलम १९ ने दिला आहे. त्याला बेकायदा कुणी म्हणू शकत नाही. 'बाहेरचा' मात्र म्हणता येतं. आणि या बाहेरच्याला इथला कधी मानायचं, याचा हिशोब पक्ष, सरकार आणि कारखानदार आपापल्या सोयीने मांडत आले आहेत.

गंमत म्हणजे सचिनचा नवाबसुद्धा बाहेरचाच. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बालू मियाँने १७९१ मध्ये पेशव्यांशी करार केला. जंजिऱ्यावरचा हक्क सोडायचा आणि बदल्यात सुरतजवळची ही गावं घ्यायची. जंजिरा काही मराठ्यांच्या हाती लागला नाही, पण सचिन संस्थान उभं राहिलं आणि १९४८ पर्यंत टिकलं. पुढे १ मे १९६० पर्यंत सुरत आणि धुळे एकाच मुंबई राज्यात होते. म्हणजे आज सत्तरीत असलेला खान्देशी माणूस लहानपणी सुरतला गेला असेल, तर तेव्हा तो परप्रांतीय नव्हता.

१५ वर्षांची रेघ

गुजरात सरकारचा १९९५ चा एक ठराव आहे. राज्यातल्या उद्योगांनी ८५ टक्के कामगार आणि व्यवस्थापक-पर्यवेक्षकांपैकी ६० टक्के माणसं स्थानिक घ्यावीत, असं तो सांगतो. स्थानिक कोण? जो १५ वर्षं गुजरातमध्ये राहिला तो. महाराष्ट्रातही स्थानिकाची व्याख्या १५ वर्षांचीच. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के कामगार आणि ५० टक्के पर्यवेक्षक स्थानिक घ्यावेत, असा आदेश महाराष्ट्राने नोव्हेंबर २००८ मध्ये नव्याने काढला. त्याआधीचे आदेश १९६८ पासूनचे.

नवापूर रेल्वे स्टेशनावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. लोक तिथे फोटो काढतात. त्याच बाकावर बसलेला माणूस एका टोकाला भूमिपुत्र आणि दुसऱ्या टोकाला परप्रांतीय ठरतो. मुंबई-नाशिकमध्ये 'आधी आमच्या पोरांना काम' या घोषणेवर टाळ्या वाजवणाऱ्या कित्येकांचे भाऊ-मेहुणे सुरतमध्ये त्याच घोषणेच्या दुसऱ्या बाजूला उभे आहेत, हे आपल्याकडच्या सभांत कुणी बोलत नाही.

हा ठराव सचिनमध्ये काटेकोर लावला तर काय होईल? मिली आणि लूम बंद पडतील. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला, उत्तर प्रदेश-बिहारचा आणि खान्देशातला मजूर काढला तर बारा तासांच्या पाळीला माणूस कुठून आणायचा? कारखानदारांना हे माहीत आहे, सरकारलाही. म्हणून ठराव कागदावर राहतो, मागेही घेतला जात नाही. तो कामाला येतो निवडणुकीच्या सभेत. हरियाणाने थेट कायदाच केला आणि खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राखून ठेवल्या. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तो घटनाबाह्य ठरवला. तरी अशी आश्वासनं थांबलेली नाहीत, कारण आश्वासनाला न्यायालय लागत नाही.

२०१८ ला काय झालं

सप्टेंबर २०१८ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी ८० टक्के नोकऱ्या गुजरात्यांना देणारा कायदा आणू, असं जाहीर केलं. त्याच महिन्याच्या शेवटी साबरकांठा जिल्ह्यात हिंमतनगरजवळ एका चिमुरडीवर अत्याचार झाला. अटक झालेला मजूर बिहारचा होता. गुन्हा एकाचा, पण उत्तर गुजरातेत हिंदी बोलणाऱ्या सगळ्यांवरच हल्ले सुरू झाले आणि हजारो माणसं गाड्या भरून परत गेली. भाजपने बोट दाखवलं काँग्रेसचे तेव्हाचे आमदार अल्पेश ठाकोर आणि त्यांच्या ठाकोर सेनेकडे. ठाकोर यांनी आरोप नाकारले. काँग्रेस म्हणाली, सरकारला कायदा-सुव्यवस्था राखता आली नाही. पुढच्याच वर्षी ठाकोर भाजपमध्ये गेले. ८० टक्क्यांचा कायदा काही आला नाही.

महाराष्ट्राने हे दहा वर्षं आधी पाहिलं होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये मनसेच्या आंदोलनानंतर नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतून उत्तर भारतीय मजूर निघून गेले. पक्षाला त्याचा फायदा झाला. २००९ मध्ये १३ आमदार निवडून आले. २०१४ मध्ये तो आकडा १ वर आला. बाहेरच्याविरुद्धचा राग एका निवडणुकीपुरता चालला.

सुरतचं गणित वेगळं का

सुरतमध्ये मोठा पक्ष परप्रांतीयांविरुद्ध सहसा तोंड उघडत नाही. कारण इथे बाहेरचा नुसता राबत नाही, त्यातला मोठा हिस्सा मतदानही करतो. भाजपचा 'भाषाभाषी सेल' याच मतांसाठी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतला जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत. सचिन ज्या चोर्यासी विधानसभा मतदारसंघात येतं, तो याच लोकसभा क्षेत्रात आहे. लिंबायत, उधना, मजुराही. लिंबायतमधून संगीता पाटील २०१२ पासून सलग तीन वेळा आमदार झाल्या.

हे गणित मोडण्याचा एक प्रयत्न झाला. १ मे २०२२ ला, गुजरात दिनी, अरविंद केजरीवाल यांनी भरूच जिल्ह्यातल्या सभेत सवाल केला : गुजरात भाजपचा अध्यक्ष महाराष्ट्राचा का, साडेसहा कोटी गुजरात्यांत यांना एक माणूस मिळाला नाही का? वरवर पाहता हा पाटलांवरचा टोला होता. पण लिंबायत-उधन्यातल्या मराठी माणसाने तो स्वतःला लावून घेतला तर नवल नाही. आणि त्याच वर्षी विधानसभेला लिंबायतमध्ये आम आदमी पक्षाने उमेदवार कोण दिला? मराठीच. डिसेंबर २०२२ मध्ये भाजप १८२ पैकी १५६ जागांवर गेला, 'आप'ला ५ मिळाल्या. एकाच पक्षाला एकाच मोसमात भरूचमध्ये बाहेरच्यावर बोट आणि लिंबायतमध्ये बाहेरच्याला तिकीट, असं दोन्ही करावं लागलं. सुरतचं राजकारण समजून घ्यायला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

(जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार पहिल्यांदा उतरले तेही सुरतलाच. त्यांना मात्र कुणी परप्रांतीय म्हटलं नाही.)

मत नसलं की काय होतं, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसलं. १० एप्रिलला लसकाण्यात लूम कामगार रस्त्यावर आले, ४ मे रोजी कडोदराजवळ वरेलीत पोलिसांशी चकमक झाली. मागणी साधी होती, पगार द्या नाहीतर गावी जाऊ द्या. ओडिया कामगार इथे पिढ्यान्‌पिढ्या येतो, पण मत गंजाममध्ये. त्याच्यासाठी भुवनेश्वरहून पत्रं आली. सुरतच्या नगरसेवकाला त्याच्याकडे बघायची निकड नव्हती.

इमारतीला माफी, भाडेकरूला नाही

'माफी' हा शब्द आपल्याकडे माणसांपेक्षा बांधकामांसाठी जास्त वापरला गेला. गुजरातमध्ये इम्पॅक्ट फी भरून अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा कायदा २०११ मध्ये आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा वटहुकूम निघाला. १ ऑक्टोबर २०२२ पूर्वीचं बांधकाम चालेल, म्हणून. दोन महिन्यांनी निवडणूक होती. मुंबईत झोपडीची तारीख आधी १ जानेवारी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११. नागरिकत्व सुधारणा कायद्यातही शेवटी एक तारीखच आहे, ३१ डिसेंबर २०१४.

अमेरिकेतली गोष्टही फार निराळी नाही. १९८६ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने १ जानेवारी १९८२ पूर्वी आलेल्यांना आणि शेतमजुरांना मिळून सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. पुढे त्याच पक्षात 'अ‍ॅम्नेस्टी' ही शिवी झाली. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी सुधारणा विधेयक मंजूर केलं, तर खालच्या सभागृहाने ते मतदानालाच घेतलं नाही. तोडगा निघाला की मुद्दा संपतो, आणि मुद्दा दोन्ही पक्षांना हवा असतो.

सचिनमध्ये याची किंमत वेगळ्या तऱ्हेने मोजली जाते. ६ जुलै २०२४ ला इथल्या पाली गावात एक बहुमजली इमारत कोसळली. सात जण गेले, परराज्यातून कामाला आलेले मजूर. इमारत जुनी नव्हती, काही वर्षांपूर्वीच बांधलेली. त्याआधी ६ जानेवारी २०२२ ला जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगार दगावले. २०२० मध्ये सुरत महापालिकेची हद्द वाढली आणि सचिनची नगरपालिका तिच्यात आली, त्यामुळे आता जबाबदार कोण हे तरी ठरलं. पण धोकादायक खोलीत राहणारा जर मतदार यादीत नसेल, तर त्याची तक्रार घेऊन नगरसेवकाच्या दारात कोण जाणार?

कागद कुठले चालतात

हद्द ओलांडताना काही हक्क बरोबर येतात, काही मागे राहतात. रेशन कार्ड येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये देशात ही सोय सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोन जोड्यांपैकी एक गुजरात-महाराष्ट्र होती. जातीच्या दाखल्याचं तसं नाही. अनुसूचित जाती-जमातीची यादी राज्यागणिक असते, म्हणून महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबातल्या मुलाला गुजरात राज्याच्या आरक्षित जागांवर हक्क सांगता येत नाही, मूळ गावाच्या दाखल्यावर जात दोन्हीकडे तीच असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हे सांगितलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा. नंदुरबारहून गेलेल्या भिल्ल किंवा मावची कुटुंबांना हा फटका बसतो, आणि तो कळतो बहुतेक वेळा बारावीनंतर, प्रवेशाच्या खिडकीवर.

मताचं मात्र असं काही नाही. कायदा म्हणतो, जिथे सर्वसाधारणपणे राहता तिथे नाव. एकाच ठिकाणी. 'इकडे पण नाव, तिकडे पण नाव' हा खान्देशातला जुना रिवाज आहे. ग्रामपंचायतीला गावच्या पुढाऱ्याने गाडी पाठवायची, महापालिकेला इथल्या. खोटी माहिती देऊन नाव लावलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्र मांडलं होतं. म्हणजे सचिनमध्ये बसून गावच्या उमेदवाराला मत. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ च्या बैठकीत बहुतेक विरोधी पक्षांनी नकार दिला. स्थलांतरित नक्की कोण, दुसऱ्या राज्यात प्रचार आणि देखरेख कशी, हे त्यांचे प्रश्न खरेच होते. पण एक गोष्ट कुणी उघड म्हटली नाही. गावाला मत देणारा मजूर सुरतच्या कुठल्याच पक्षाच्या कामाचा नाही.

मग यादीच तपासायला निघाली. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल फेरतपासणीत प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. त्यातली साधारण ३६ लाख 'कायमचे गेलेले किंवा न सापडलेले' या रकान्यात होती. विरोधकांनी याला मतं कापण्याचा डाव म्हटलं, भाजपने घुसखोर शोधण्याची मोहीम. त्या रकान्यातले कित्येक जण सुरतसारख्या शहरांत पाळीवर असणार. ४ नोव्हेंबर २०२५ पासून ही तपासणी गुजरातसह १२ राज्ये-केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. गुजरातमध्ये आधार धरला तो २००२ च्या यादीचा. २००२ मध्ये जो पारोळ्यात होता आणि आता सचिनमध्ये आहे, त्याला स्वतःचं किंवा आई-वडिलांचं नाव महाराष्ट्राच्या जुन्या यादीत शोधून दाखवता येत होतं. दुसऱ्या राज्याची यादी चालते, एवढी एक गोष्ट वेळेवर कळणं-न कळणं यावर अनेकांचं नाव अवलंबून होतं.

ज्यांचं नाव राहिलं असेल त्यांच्यासाठी वाट बंद नाही. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायचा असेल तर नमुना ८. दुसऱ्या मतदारसंघातून आलेल्यालाही नमुना ८ चालतो आणि जुन्या ठिकाणचं नाव त्यातूनच कमी होतं. भाडेकरार नाही म्हणून खोलीमालक हात वर करतो, ही सचिनमधली नेहमीची अडचण. पण राहत्या जागेचा कागद नसलेल्याचा अर्ज परत करायचा नसतो. अधिकाऱ्याने जागेवर येऊन खात्री करायची, असं अर्जावरच छापलेलं आहे. फक्त पाळी रात्रीची असेल, तर तो दिवसा येईल तेव्हा दार उघडायला कुणीतरी घरी हवं.