हेलकावणारे इंजिन
फोर्ड कंपनीने १९४७ ते १९५२ या काळात अमेरिकेत बनवलेला ‘८एन’ ट्रॅक्टर पेट्रोलवर चालतो, त्यामुळे डिझेल ट्रॅक्टरला सरावलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला फारसा परिचित नसलेला कार्बुरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग, त्यात असतो. हे मिश्रण किती आत जावे ते थ्रॉटलची झडप ठरवते. ती झडप हलवण्याचे काम मात्र चालकाचे नसून गव्हर्नरचे असते. इंजिनाचा वेग वाढला की गव्हर्नरमधील फिरत्या पोलादी गोळ्या बाहेर सरकून झडप मिटवू लागतात, आणि नांगर कठीण जमिनीत रुतून वेग उतरला की स्प्रिंग तीच झडप उघडते. चालकाचा हात फक्त या स्प्रिंगचा ताण ठरवतो.

या जुन्या यंत्रांची नेहमीची तक्रार म्हणजे हंटिंग, अर्थात इंजिनाचा वेग सारखा चढत-उतरत राहणे. दोष गव्हर्नरच्या माथी मारला जातो, कारण डोळ्यांसमोर हलताना त्याचीच दांडी दिसते. पण बहुधा हा अन्याय असतो. पेट्रोल कमी पडून इंजिन मंदावले की गव्हर्नर झडप उघडतो, वेग मर्यादेपलीकडे जातो, झडप पुन्हा मिटते आणि हे चक्र थांबत नाही.

चोक, म्हणजे हवेची वाट अरुंद करणारी झडप, किंचित ओढताच इंजिन स्थिरावले, तर मिश्रणात पेट्रोल अपुरे आहे असे समजावे. मग टाकीखालची गाळ साठवणारी वाटी, कार्बुरेटरच्या तोंडाशी असलेली जाळी, पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट आणि शेवटी जेट, म्हणजे पितळी नळीतील बारीक छिद्र, अशा क्रमाने तपासणी करावी. जेटमध्ये तार मुळीच घालू नये, कारण मऊ पितळेतील छिद्र त्याने कायमचे रुंदावते.

चोकने फरक पडला नाही, तर थ्रॉटलची झडप हाताने एका जागी धरून पाहावे. त्या स्थितीत इंजिन एकसुरात चालले, तरच संशय गव्हर्नरकडे किंवा त्याच्या सांध्यांकडे वळवणे योग्य. थ्रॉटलचा झिजलेला दांडा येथे सर्वांत फसवा ठरतो, कारण तो अडखळतोही आणि भोवतालच्या फटीतून जास्तीची हवाही आत घेतो, म्हणजे दोन्ही बिघाडांची लक्षणे एकट्यानेच दाखवतो. इंजिन बंद ठेवून हाताचा दांडा पूर्ण ओढल्यावर थ्रॉटलही पूर्ण उघडत नसेल, तर जोडदांडीची लांबी जुळवावी. एवढे करूनही वेग हेलकावत राहिला, तरच गव्हर्नर उघडून त्याच्या गोळ्या आणि त्या ज्यांवर फिरतात ते खाचदार पृष्ठभाग झिजले आहेत का, हे पाहावे.