चेन्नईतल्या वेलचेरीच्या परसबागेला कोणता पंप?

● गच्चीवरच्या कुंड्या : लिंबू, पेरूच्या चार-दोन रोपांना 1 ते 2 लिटरचा हातपंप पुरे.

● अंगणातली 10-20 झाडे : 16 लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप. भरल्यावर नुसत्या पाण्याचेच वजन 16 किलो. झेपत नसेल तर टाकी अर्धीच भरा.

● उंच आंबा : पायपंप किंवा जास्त दाबाचा एचटीपी पंप, सोबत लांब नळी आणि स्प्रे गन.

● नोझल : कीडनाशक, बुरशीनाशकासाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारे. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. टाकीत राहिलेला अंशही झाडाला भोवतो.

● बोर्डो मिश्रण : यातले मोरचूद लोखंडाला खाते, म्हणून टाकी प्लास्टिकची. काम झाल्यावर पंप लगेच धुवा.

● वेळ : दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा फवारणी सकाळी उरका. ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस. उघडीप पाहूनच पंप बाहेर काढा.

● धुवण : गटारात ओतू नका. वेलचेरीचे पाणी पळ्ळीकरणै पाणथळीकडे उतरते, आणि 2022 पासून ती रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ) स्थळ आहे.

● अंगावर : हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा.