चार पंख्यांचा तोल

चार पंख्यांचे ड्रोन मुळातच अस्थिर असते. नियंत्रक बंद पडला की ते क्षणभरही हवेत ठरत नाही. त्यातला छोटा संगणक सेकंदाला शेकडो वेळा यानाचा कल आणि वेग मोजतो व प्रत्येक मोटरने किती फिरायचे ते ठरवतो. 'थ्री इडियट्स'मध्ये (२००९) दिसलेले असे यान मुंबईच्या आयडियाफोर्जने बनवले होते. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढलेल्या या कंपनीने पुढे डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेबरोबर 'नेत्र' हे टेहळणी ड्रोन घडवले.

ड्रोनमध्ये सहसा पीआयडी नियंत्रक असतो. चूक किती आहे, आतापर्यंत किती साचली आणि किती वेगाने बदलते आहे, या तिन्हींना ठरावीक वजन देऊन तो दुरुस्ती काढतो. पद्धत जुनी, पण भरवशाची. मात्र ती समोरच्या चुकीपलीकडे पाहत नाही. कमीत कमी वेळात किंवा बॅटरीत मुक्काम गाठायचा, तर पुढच्या सगळ्या हालचालींचा हिशेब आत्ताच मांडावा लागतो. यालाच इष्टतम नियंत्रण म्हणतात.

त्याचा पाया १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात लेव्ह पोंत्र्यागिन आणि अमेरिकेत रिचर्ड बेलमन यांनी घातला. बेलमनच्या पद्धतीत प्रत्येक संभाव्य स्थितीसाठी उत्तम आज्ञा आधीच काढून ठेवायची असते. ड्रोनची स्थिती सांगायला बारा आकडे लागतात: स्थान, वेग, कल आणि फिरण्याची गती यांचे प्रत्येकी तीन. प्रत्येक आकड्याचे नुसते दहा भाग पाडले, तरी तक्त्यात एक लाख कोटी घरे होतात. या अडचणीला बेलमननेच 'मितींचा शाप' म्हटले.

न्यूरल नेटवर्क इथे कामी येते ते तक्त्याला पर्याय म्हणून. हजारो उड्डाणांचे उत्तम मार्ग जमिनीवरच्या संगणकावर सावकाश सोडवायचे, त्यांवर नेटवर्क शिकवायचे आणि ते यानात चढवायचे. हवेत उरतात ते थोडे गुणाकार आणि बेरजा. पूर्वीच्या एका पद्धतीत आज्ञा सुचवणारे एक आणि तिची पारख करणारे दुसरे, अशी दोन नेटवर्क लागत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राधाकांत पाधी, मिसूरीतील एस. एन. बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, अनेक समस्यांत पारख करणारे एकटेच पुरते. आज्ञा त्याच्या उत्तरातूनच काढता येते.

उडता उडता शिकणारे नेटवर्क ही निराळी आणि जास्त धाडसाची गोष्ट. १९९८ मध्ये एक्स-३६ या शेपटीविना उडणाऱ्या प्रायोगिक विमानावर ते तपासले गेले. पुढे नासाने एफ-१५ विमानात शेपटीकडचा नियंत्रण-पृष्ठभाग अडकल्याचे मुद्दाम भासवून पाहिले. निकाल संमिश्र आले.

खरी झेप छोट्या यानांनी घेतली. झुरिक विद्यापीठाच्या 'स्विफ्ट' या शर्यतीच्या ड्रोनने २०२२ मध्ये अव्वल मानवी स्पर्धकांविरुद्ध २५ पैकी १५ शर्यती जिंकल्या. त्याचे नेटवर्क सिम्युलेशनमध्ये चुकतमाकत शिकले होते, तरी मोटरपर्यंतचे शेवटचे काम जुन्या धाटणीच्या नियंत्रकाकडेच होते. २०२५ मध्ये अबू धाबीतली शर्यत जिंकलेल्या, नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या ड्रोनमध्ये तोही मध्यस्थ उरला नाही. नेटवर्कच थेट मोटरना आज्ञा देत होते.

शर्यतीपेक्षा शेतातली गरज साधी दिसते, पण सोपी नाही. खंडाळा तालुक्यातल्या उसावर दहा लिटरचे फवारणी ड्रोन उडते आहे असे समजा. टाकी रिकामी होईपर्यंत सुमारे दहा किलो वजन उतरते, उरलेला द्रव आत हिंदकळतो आणि खंबाटकीच्या डोंगराकडून वाऱ्याचे झोत येतात. भरल्या टाकीसाठी जुळवलेला नियंत्रक रिकाम्या यानाला गरजेपेक्षा जास्त जोर देतो. वजन आणि वारा यांचा अंदाज घेत आज्ञा बदलणारे नेटवर्क इथे उपयोगी पडेल. बॅटरी लवकर संपत असल्याने त्यात इष्टतम मार्गाचीही भर हवी.

अडते ते खात्रीपाशी. फवारणी ड्रोनला ड्रोन नियम २०२१ नुसार प्रकार प्रमाणपत्र लागते. पीआयडीचे स्थैर्य कागदावर तपासता येते. हजारो गुणांकांचे नेटवर्क न पाहिलेल्या स्थितीत काय करील, हे सिद्ध करणे फार कठीण. म्हणून सध्याचा व्यवहार्य मार्ग पहारेकऱ्याचा: नेटवर्कची आज्ञा ठरलेल्या मर्यादेत असेल तरच पाळायची, नाहीतर सूत्रे त्याच जुन्या पीआयडीकडे द्यायची.