शहाण्यांनो, या कोर्टाची पायरी चढाच!

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं वाडवडील सांगून गेले. पण मंडळी, हे कोर्ट वेगळं! इथे वकील नाही, तारखांवर तारखा नाहीत. हातात रॅकेट, मध्ये जाळी आणि पिवळाजर्द बॉल. निकाल लगेच, तोही सगळ्यांसमोर!

ठाणाकुशनूर, कमलनगर, औराद… आपल्या बीदरच्या पट्ट्यात ‘टेनिस’ म्हटलं की आधी आठवते ती टेनिस बॉलची क्रिकेट टूर्नामेंट. बॉल टेनिसचा, बॅट क्रिकेटची आणि बक्षीस गावच्या पुढाऱ्याचं. चला, आज त्या बॉलच्या खऱ्या घरी जाऊ या. हे घर वाटतं तेवढं लांब नाही.

माहीत आहे का, लातूरवरून पुण्याला निघालं की वाटेत लागणाऱ्या बार्शीची एक मुलगी थेट ऑलिंपिकच्या कोर्टवर उतरलीय? होय, तीच बार्शी. भगवंताच्या देवळाची, एकेकाळच्या नॅरोगेज ‘बार्शी लाईट’ रेल्वेची! मुलीचं नाव प्रार्थना ठोंबरे. जन्म १९९४ चा. पेशा? फुल टाइम टेनिसपटू.

२०१४, इंचॉन, दक्षिण कोरिया. एशियन गेम्स. प्रार्थना जेमतेम वीस वर्षांची आणि जोडीला कोण? साक्षात सानिया मिर्झा! दोघींनी महिला दुहेरीत ब्राँझ आणलं. वीस वर्षांच्या बार्शीकर मुलीच्या गळ्यात एशियाडचं मेडल. क्या बात!

दोनच वर्षांनी रिओ. २०१६ चं ऑलिंपिक, पुन्हा सानिया-प्रार्थना. ड्रॉ निघाला आणि पहिल्याच फेरीत समोर चीनच्या पेंग श्वाई आणि झांग श्वाई. यातली पेंग कधीकाळी दुहेरीत जगात नंबर वन होती आणि विम्बल्डन जिंकून बसलेली. वॉर्मअपला सोपी मॅच वगैरे काही नाही, डायरेक्ट डोंगर!

आता स्कोअर नीट वाचा. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, ६-८ असा निसटला. दुसरा आपल्या पोरींनी ७-५ नं ओढून आणला. तिसरा ५-७. पावणेतीन तासांच्या आसपास चाललेली लढाई, तिन्ही सेट अगदी काठावर. कागदावर लिहिलं जातं ‘पहिल्या फेरीत पराभूत’. मी म्हणतो, हा स्कोअर बार्शीच्या शाळाशाळांत फळ्यावर लिहून ठेवावा!

आणि हो, ही सानिया कुठली माहीत आहे का? जन्म मुंबईचा, पण वाढली हैदराबादला. म्हणजे बीदरकरांच्या दवाखान्याच्या, कॉलेजच्या आणि लग्नाच्या बस्त्याच्या गावाला. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात नंबर वन झाली, हा मान मिळवणारी पहिली भारतीय महिला. प्रार्थनानंही हैदराबादला सानियाच्या ॲकॅडमीत घाम गाळलाय. बार्शी ते हैदराबाद, मधे कोण? आपणच की!

स्टोरी रिओत संपत नाही हं. एप्रिल २०२५, पुण्याचं म्हाळुंगे-बालेवाडी. बिली जीन किंग कप, म्हणजे महिलांचा टेनिसमधला वर्ल्ड कपच समजा. शेवटच्या दिवशी भारत विरुद्ध दक्षिण कोरिया, एकेरीच्या दोन मॅचनंतर १-१. सगळं येऊन ठेपलं दुहेरीवर. कोर्टवर कोण? अंकिता रैना आणि आपली प्रार्थना. जिंकल्या! भारत प्ले-ऑफमध्ये पोचला, इतिहासात फक्त दुसऱ्यांदा. रिओनंतर जवळपास नऊ वर्षं झाली होती आणि पोरगी अजून मैदानात. प्रोफेशनल करिअर म्हणतात ते हे.

बरं, या करिअरचा हिशेब माहीत आहे का? टीव्हीवर विम्बल्डनचे कोट्यवधींचे चेक दिसतात. पण सुरुवात होते आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, छोट्या स्पर्धांपासून. १५ हजार डॉलरची स्पर्धा ऐकायला भारी वाटते, पण ही रक्कम सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. एकेरीच्या विजेत्याला मिळतात दोन हजार डॉलरच्या जरा वर. पहिल्याच फेरीत हरलात तर दीडशेच्या आसपास! त्यातून तिकीट, हॉटेल, जेवण, कोच, रॅकेटच्या तारा. तारांबळ म्हणतात ती हीच.

त्यात रँकिंगचा कायदा कडक. कमावलेले पॉइंट फक्त ५२ आठवडे टिकतात, मग खात्यातून गायब. गेल्या वर्षीची रास संपली, यंदा पुन्हा पेरा. म्हणून हे खेळाडू सारखे विमानात, बसमध्ये, एका गावाहून दुसऱ्या गावाला. दहा-दहा वर्षं हे करणाऱ्यांना माझा कडक सॅल्यूट.

आता गिअर बदलू. श्रीरामपूर म्हटलं की काय आठवतं? साखर कारखाना? आता ऋतुजा भोसले आठवायची! अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये मिश्र दुहेरीचं गोल्ड घेऊन आली. पार्टनर रोहन बोपण्णा. फायनलला चायनीज तैपेईच्या जोडीकडून पहिला सेट गेला, तोही २-६. घरोघरी टीव्ही बंद व्हायची वेळ. दुसरा सेट ६-३. मग दहा पॉइंटांचा सुपर टायब्रेक आणि निकाल १०-४. महाराष्ट्राची मुलगी, कर्नाटकचा गडी आणि गोल्ड मेडल. सीमाभागातल्या माणसाला याहून गोड बातमी कुठली?

बोपण्णांवर जरा थांबूच. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांतला हा माणूस. २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन मॅथ्यू एब्डनबरोबर जिंकली तेव्हा वय वर्षं ४३! त्याच महिन्यात पहिल्यांदाच जगात नंबर वन, आणि इतक्या वयात पहिल्यांदा नंबर वन होण्याचा विक्रम आजही त्यांच्याच नावावर. गुडघे पार झिजलेले. मग इलाज? अय्यंगार योग! बी. के. एस. अय्यंगार जन्माने कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचे, १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. कर्नाटकचे गुडघे, पुण्याचा योग. जोडी नंबर वन!

माहीत आहे का, विम्बल्डनमध्ये मॅच जिंकणारी पहिली भारतीय महिला कोण? वर्ष १९३४, नाव लीला राव, मुंबईची. पण खरी गंमत तिच्या आईत आहे. आई म्हणजे पंडिता क्षमा राव, संस्कृत विद्वान शंकर पांडुरंग पंडितांची कन्या. या माऊली स्वतःही टेनिस खेळायच्या आणि संस्कृतात काव्यं लिहायच्या. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी ‘सत्याग्रहगीता’ रचली. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रंही संस्कृत श्लोकांत! एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात रॅकेट. अशा बाईवर अजून सिनेमा कसा आला नाही, हे मला कोडंच आहे.

नंदू नाटेकर ऐकलंय ना? सांगलीचे, बॅडमिंटनचे सम्राट, १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद पटकावणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. पण माहीत आहे का, ते आधी टेनिस खेळायचे! ज्युनिअर नॅशनलच्या फायनलला हरले आणि टेनिसला राम राम ठोकला. हरवलं कुणी? रामनाथन कृष्णन यांनी, जे पुढे दोनदा विम्बल्डनच्या सेमीफायनलला पोचले. इथवर ठीक. पण पुढचा सीन बघा. नंदूंचा मुलगा गौरव नाटेकर टेनिसमध्येच उतरला आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडला लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं गोल्ड घेऊन आला. बापाचा बॅकलॉग पोरानं भरून काढला!

पेसचं नाव निघालंच आहे तर हे घ्या. १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं. त्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली. ते आणलं पेसनं, १९९६ मध्ये अटलांटाला, टेनिसमध्ये. मूळ घराणं गोव्याचं बरं का!

आता जरा निजामाच्या काळात उडी. बीदर-गुलबर्गा हैदराबाद संस्थानात होतं, त्या वेळी संस्थानात एक अवलिया खेळाडू होता, सय्यद मोहम्मद हादी. टोपणनाव ‘रेनबो हादी’, कारण इंद्रधनुष्याच्या सात रंगांसारखे सात खेळ! डेव्हिस कप खेळले, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळले. आणि क्रिकेट? रणजी ट्रॉफीतलं पहिलंवहिलं शतक कुणाचं माहीत आहे का? याच हादींचं! १९३४-३५ चा पहिला हंगाम, हैदराबादकडून मद्रासविरुद्ध नाबाद १३२. क्विझमध्ये हा प्रश्न टाका, भले भले गार होतील. जाता जाता, पॅरिसनंतर टेनिस ऑलिंपिकच्या पदकतक्त्यातून जे बाहेर पडलं ते थेट १९८८ ला परत आलं.

पुणेकरांना विसरून कसं चालेल? २०२४ च्या ऑक्टोबरात पुण्याचा अर्जुन कढे आणि हैदराबादचा ऋत्विक चौधरी बोल्लीपल्ली कझाकस्तानच्या अल्माटीत पुरुषांच्या एटीपी टूरवरची दुहेरी जिंकले. सुपर टायब्रेक १४-१२! १९७९ मध्ये पुण्याचे नंदन बाळ यांनी वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समध्ये टेनिसचं सिल्व्हर जिंकलं होतं. त्यानंतर तिथे पदक मिळवणारी दुसरी भारतीय कोण? २०२५ मध्ये ब्राँझ घेऊन आलेली वैष्णवी आडकर. तीही पुण्याचीच!

“हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं हो, आमच्याकडे काय?” थांबा, हुकमाचा पत्ता राखून ठेवलाय. माहीत आहे का, २०२३ च्या अखेरीस आपल्या कलबुर्गीत आंतरराष्ट्रीय आयटीएफ स्पर्धा झाली? तूरडाळीच्या कलबुर्गीत, चंद्रशेखर पाटील स्टेडियमवर, परदेशी खेळाडू उतरले होते. एकेरी जिंकली रामकुमार रामनाथननं. हा तोच रामकुमार, ज्यानं २०१७ मध्ये तुर्कस्तानातल्या अंतल्यात डॉमिनिक थीमला, तेव्हाच्या जगातल्या आठव्या नंबरच्या खेळाडूला पाणी पाजलं होतं. तो गडी आपल्या बसच्या अंतरावर खेळून गेला! सोलापुरातही महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होऊन गेल्यात.

पुढच्या वेळी कलबुर्गीत किंवा सोलापुरात स्पर्धा लागली की सुट्टी टाका, पोरांना घ्या आणि जा. पुढच्या रांगेत बसा. टीव्हीवर कळत नाही ते तिथे कळतं. बॉल तारांवर बसल्याचा ‘टक्’ आवाज ऐकू येतो. नवे बॉल आले की सर्व्ह करणारा हात वर करून समोरच्याला बॉल दाखवतो, ते बघा. सर्व्हच्या वेळी मोबाइल सायलेंट ठेवा आणि पॉइंट संपला की टाळ्या कडकडून वाजवा. छोट्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरून दीडशे डॉलर घेऊन निघालेल्या पोरासाठीसुद्धा वाजवा. त्याला टाळ्यांची गरज सगळ्यात जास्त असते.